मनावर घेतलं तर हुतंय

याल्मर ओडेगार्डनं आयुष्यात कुणाला तोंडावर 'नाही' म्हटल्याचं तोवर आमच्या नॉर्डबीत कुणाला आठवत नव्हतं. तसं आम्ही कुणीच म्हणत नाही. आमच्या आज्यापणज्यांनी नॉर्वेतून अमेरिकेला येताना पेटाऱ्यात काय काय आणलं ते त्यांचं त्यांना माहीत, पण 'नाही' हा शब्द बहुतेक बोटीवरच राहिला. त्याच्या जागी आमच्याकडं एक वाक्य आहे. शेजाऱ्याला विचारा, "गहू जरा दमट हाय, आज कापू का?" तो आभाळाकडं बघतो, नाक ओढतो आणि म्हणतो, "मनावर घेतलं तर हुतंय." म्हणजे कापू नकोस. पाद्रीबाबांनी एकदा विचारलं, यंदा चर्चचं दार लाल रंगवावं का? सगळी पंचमंडळी एका सुरात म्हणाली, मनावर घेतलं तर हुतंय. दार अजून पांढरं आहे.

हे ज्याला कळत नाही तो बाहेरचा. त्यात त्याचा दोष नाही, आणि त्याला समजावून सांगायची आमच्यात रीतही नाही.

याल्मरचं वर्कशॉप दूध डेअरीच्या मागं. पत्र्याची शेड, मधोमध तेल जाळणारी शेगडी, आणि भिंतीला लागून क्रँक घासायचं लांबलचक मशीन. क्रँक म्हणजे इंजिनाचा कणा. पिस्टन वरखाली उड्या मारतात आणि हा त्या उड्यांचं फिरणं करतो. मिनेसोटाच्या आमच्या टोकाला क्रँकचं काम करणारा याल्मर एकटाच. बीट काढायच्या दिवसांत कुणाचा ट्रक बसला की रात्र असो की रविवार, क्रँक त्याच्याकडंच यायचा.

माणूस उंच, वाकलेला, कानाच्या पाळ्या बोटभर लांब. आई होती तोवर आईबरोबर राहिला, ती गेल्यावर तिच्या खुर्चीबरोबर. लग्न केलं नाही. नाही म्हणजे कुणी नाही म्हटलं नाही, यानंही विचारलं नाही. दातात साखरेचा खडा धरून त्यातून कॉफी ओढायचा, आणि दुपारी डब्यातली मासळी पावावर घालून उभ्याउभ्याच खायचा. बसला की झोप येते म्हणायचा.

क्रँक तो कधी आडवा ठेवायचा नाही. "आडवा पडला की वाकतो," म्हणायचा, "मानसागत." सगळे क्रँक तुळईला दोरीनं टांगलेले. खाटकाच्या दुकानातच आल्यासारखं वाटायचं. नवा क्रँक आला की टांगायचा आणि लहान हातोडीनं हळूच टोला द्यायचा. धड असला तर घंटेगत वाजतो, नाद लांबत जातो. कुठं आत तडा असला तर बद्द. आपण मडकं वाजवून घेतो, त्यातलाच प्रकार.

ओर्लिन फॉसम वारला त्या सप्टेंबरची ही गोष्ट. ओर्लिनची बायको फार वर्षांपूर्वी त्याला सोडून लहान पोरीला घेऊन सिअ‍ॅटलला गेली होती. नॉर्डबीचा वारा सोसत नाही म्हणाली. वारा की ओर्लिन, ते आम्ही विचारलं नाही. ती पोरगी, लोर्ना, बापाच्या मातीला आली तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होती. शाळेत गाणं शिकवायची. केस आखूड, हसणं मोठं. चर्चच्या तळघरात जेवण होतं. माझी बायको आर्डिस कॉफीची किटली घेऊन तिच्यापाशी गेली आणि म्हणाली, "घेता का?"

"हो, द्या ना!" लोर्ना म्हणाली.

तळघरात चमचे थांबले. आमच्यात पहिल्यांदा विचारलं की 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'कशाला उगं तरास' म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर 'बरं, अर्धा कप' म्हणून भरलेला कप घ्यायचा. पहिल्या फटक्याला हो म्हणणारं माणूस आम्ही तोवर पाहिलं नव्हतं. आर्डिस कप भरून परत आली आणि मला म्हणाली, "अवो, बाई झ्याक हाय. पर कुनीतरी शिकवाया पायजे व्हती."

ओर्लिनच्या कोठारात त्याची गाडी होती, पन्नास सालची. आठ पिस्टन एका ओळीत, नाक रेल्वेच्या इंजिनाएवढं लांब. लोर्नाला बापाची एकच आठवण होती: अंथरुणात पडल्यापडल्या ऐकलेला याच गाडीचा आवाज, अंगणातून बाहेर जाणारा. म्हणून तिनं ठरवलं, घर विकायचं आणि ही गाडी चालवत सिअ‍ॅटलला न्यायची. घराच्या कागदांसाठी ती गाडी घेऊन तालुक्याला निघाली. हमरस्त्याला लागली, पाय दाबला, आणि बीटच्या साखर कारखान्यासमोर आतून धाड्‌दिशी काहीतरी तुटलं. गावातल्या क्लिफर्ड ग्रिम्सरुडनं ट्रॅक्टरला बांधून गाडी याल्मरकडं ओढत आणली. मी माझ्या पंपाचा दांडा घेऊन तिथंच बसलो होतो, त्यामुळं पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं.

याल्मर गाडीखाली सरकला. तेलाचं तबक उतरवलं. मग हात बाहेर आला, हातात काळीकुट्ट कातड्याची पट्टी.

"ओर्लिनचा पट्टा," तो खालूनच म्हणाला.

"कसला पट्टा?" लोर्ना खाली वाकली.

"कमरंचा. बेअरिंग झिजलं तवा त्याच्या जागी कातडं कापून घातलंय. घरापातूर यायला लोक घालत्यात. पर ह्यो गडी घरी आल्यावर बी काढायचं इसरला."

"किती वर्षं इसरला आसंल?" क्लिफर्डनं विचारलं.

"भोकं मोजली तर कळंल, वरसाला एक. पट्ट्याला भोकं हायत ना."

लोर्ना हसायला लागली. हसता हसता गाडीच्या चाकाला टेकून खाली बसली आणि डोळे पुसायला लागली. "मला वाटलं मी मोडलं," ती म्हणाली. "मी जोरात चालवली म्हणून."

"तुमी न्हाई मोडलं," याल्मर बाहेर येत म्हणाला. "क्रँकला बारीक तडा कवाचा आसंल. फिरला की वाढायचा, फिरला की वाढायचा. तुमच्या पायाखाली सपला, एवढंच." त्यानं तिला हात पुसायला फडकं दिलं. फडकं तिच्या हातांपेक्षा मळकं होतं. तिनं घेतलं.

मग तिनं विचारलं, "याल्मर, खरं सांगा. वाचेल का हे इंजिन?"

याल्मरनं टोपी मागं सरकवली. क्रँकचे दोन तुकडे बघितले. नाक ओढलं.

"मनावर घेतलं तर हुतंय," तो म्हणाला.

क्लिफर्ड आणि मी जमिनीकडं बघायला लागलो.

"वा!" लोर्ना म्हणाली. "मग थांबतेच मी. घराचं पुढं बघू. शाळेला कळवते, वसंतापर्यंत रजा." आणि तिनं याल्मरचा हात दोन्ही हातांत धरून हलवला, तेलासकट. ती गेल्यावर क्लिफर्डनं मान वर केली.

"सांगशील का तिला?" क्लिफर्ड म्हणाला.

"सांगतो की," याल्मर म्हणाला. "जरा निवांत."

आठवडाभरात त्यानं इंजिन पूर्ण खोललं. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं लोखंडी धड, धुतला, चुंबक लावून त्यावर लोखंडाची बारीक भुकटी टाकली आणि मला बोलावलं. क्रँक ज्या भिंतींत बसतो त्यांतल्या दोन भिंतींवर भुकटीनं केसासारख्या रेघा धरल्या होत्या. वरपासून खालपर्यंत. क्रँक मिळतो, पिस्टन मिळतात, पण भिंतीच फुटल्या तर नवा क्रँक बसवायचा कशात? याल्मर नेहमी म्हणायचा तेच तेव्हाही म्हणाला: "क्रँक मोडला म्हनून इंजिन मरत न्हाई. मोडता मोडता शेजाऱ्याला काय करून गेला, त्येच्याव असतं."

"मंग ह्ये मेलं," मी म्हणालो.

"मेलं."

"दुसरं इंजिन आनून घाल."

"तिला ह्येच पायजे. ह्येच्या आवाजापायी तर आलीया." त्यानं ब्लॉकवर बारदान टाकलं. "बगू. क्रँक तर हुडकतो."

मेलेल्या इंजिनाला क्रँक हुडकणारा याल्मर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. नॉर्थ डकोटात कुठल्या तरी भंगारवाल्याकडं त्याला तसला क्रँक मिळाला. ट्रकात मागं उभा बांधून आणला, म्हाताऱ्या आत्याला आणावं तसा.

लोर्ना गुरुवारी यायची. गुरुवारी चर्चमध्ये गाण्याचा सराव असायचा, त्याच्या आधी ती शेडवर थांबायची. बटाट्याच्या पातळ पोळ्या करायला आर्डिसकडून शिकली होती; पहिल्या पहिल्या पोळ्या बुटाच्या तळव्यासारख्या झाल्या होत्या. याल्मर त्याही खायचा. आणि एक नवल मी बघितलं: बसून खायचा.

क्रँक आला त्या गुरुवारी याल्मरनं तो तुळईला टांगला, तिच्या हातात हातोडी दिली. "हळू मारा. आन ऐका."

तिनं टोला दिला. क्रँक वाजला. खणखणीत, लांब; नाद शेडच्या पत्र्यातून बाहेर गेला असेल. लोर्ना तोंड उघडं ठेवून ऐकत राहिली.

"काळी तीन," ती म्हणाली.

"काय?"

"सूर. पियानोवरची तिसरी काळी पट्टी. बरोबर तोच सूर." आणि तिनं तो सूर लावला. क्रँकचा नाद थांबला तरी तिचा चालू राहिला.

याल्मरनं आयुष्यभर क्रँक वाजवले होते. त्याला दोनच सूर माहीत होते, धड आणि बद्द. त्यानं पुन्हा हातोडी उचलली. त्या दिवशी डेअरीतल्या लोकांनी येऊन विचारलं, आग लागली का कुठं?

हिवाळा पडला. शेडच्या दाराला बर्फ टेकलं. गाडीचं काम म्हणाल तर काहीच पुढं जात नव्हतं. क्रँक टांगलेला, ब्लॉक बारदानाखाली. याल्मर तिला आज हा नट दाखवायचा, उद्या तो वॉल्व्ह. तिनंही कधी बारदान उचललं नाही. गुरुवारी याल्मर दाढी करायला लागला.

"आज गुरुवार का रं?" क्लिफर्ड त्याला मंगळवारीही विचारायचा. "गालाव रगत दिसतंय."

"तुज्या ट्रॅक्टरचं बिल दाखवू का?"

"ऱ्हावू दे, ऱ्हावू दे. दाढी शोभतीया."

आर्डिस रात्री म्हणायची, "तिला सांगा की कुनीतरी. बिचारी वाट बगतीया इंजिनाची." मी म्हणायचो, ते याल्मरनं सांगायचं. आर्डिस म्हणायची, "आन तुमाला खरंच वाटतं ती इंजिनाची वाट बगतीया?"

मार्चअखेर शाळेनं लोर्नाला विचारलं, पुढच्या वर्षी येणार की नाही, ईस्टरच्या आत सांगा. तिनं ते गुरुवारी याल्मरला सांगितलं. मी शेगडीच्या पलीकडं बसलो होतो, पंपाचा दांडा पुन्हा गेला होता. ते दोघं मला विसरले असावेत. मी आहेच तसा, विसरण्याजोगा.

याल्मर बराच वेळ हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"लोर्ना," तो म्हणाला, "माज्या घरात वरच्या दोन खोल्या रिकाम्याच हायत. आई गेल्यापास्नं. म्हंजी... कुनाला फुडचा हिवाळा बी हितंच काढावा वाटला... कायमचा म्हना..." तो थांबला. "एकट्यासाटी कॉफी केली की अर्धी वाया जाती."

त्याच्या आयुष्यात त्यानं एका दमात इतकं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

लोर्नाचा चेहरा उजळला. ती उठली, टोपी घातली, दारापाशी गेली, वळली, आणि हसून, आमच्याच बोलीत, आमच्यासारखं नाक ओढून म्हणाली, "मनावर घेतलं तर हुतंय!"

आणि गाण्याच्या सरावाला गेली.

याल्मर उभा होता तिथंच. "हं," म्हणाला. मग फडकं घडी करून ठेवलं. फडक्याची घडी कुणी करतं का? मी माझा दांडा उचलला आणि निघालो. मला वाटलं, बाईनं बऱ्या शब्दांत मोडता घातला, आमच्या रीतीनं, माणसाची मान राखून. अखेर शिकली म्हणायची. घरी येऊन आर्डिसला सांगितलं तर तीही चुकचुकली आणि भांडी घासायला लागली.

पुढच्या गुरुवारी शेडला कुलूप. याल्मर डकोटात काही सामान आणायला गेला होता, आणायला काहीच नसताना. त्याच्या पुढच्या गुरुवारी होता, पण हवेबद्दल बोलला. यंदा माती लवकर मोकळी होईल म्हणाला. लोर्ना थोडी थांबली, पोळ्यांचा डबा ठेवला. त्यानं उभ्याउभ्या खाल्ल्या. ईस्टर आला. तिनं शाळेला 'येते' म्हणून कळवलं, घर क्लिफर्डच्या पुतण्याला विकलं. जाताना म्हणाली, "गाडी राहू दे इथंच. झाली की सांगा, मी येईन."

"सांगतो," याल्मर म्हणाला.

दोन हिवाळे गेले. त्यानं काय सांगायचं होतं? तिसऱ्या वर्षी बीट काढायला लागलो तेव्हा ती आली, विमानानं, तालुक्याहून भाड्याची गाडी घेऊन. केस पिकले होते. आई अंथरुणाला खिळली होती आणि तिच्याचकडं राहायला आली होती. दोन दिवसांसाठी शेजारणीला बसवून आली म्हणाली. तिकडची जागा लहान, काय ते एकदा ठरवावं, गाडी न्यायची की द्यायची.

शेडमध्ये आम्ही तिघं होतो, याल्मर, क्लिफर्ड आणि मी. ती सरळ कोपऱ्यात गेली आणि तिनं बारदान उचललं. भुकटीच्या रेघा गंजून लाल झाल्या होत्या.

"हे काय?"

"तडं," याल्मर म्हणाला.

"कधीचे?"

याल्मरनं तिच्या हातातलं बारदान काढून घेतलं. क्लिफर्डला शांतता सोसत नाही, त्याचा स्वभावच तो. "पयल्याच आठवड्यातलं, बाई," तो म्हणाला.

"पण तुम्ही म्हणाला होतात होईल म्हणून! मी इथंच उभी होते. मनावर घेतलं तर..."

"अवो बाई," क्लिफर्ड हसला, "आमच्यात त्येला न्हाई म्हंत्यात!"

"काय?"

"न्हाई. म्हंजी, नगंच. उगं तोंडाव कसं म्हनायचं, म्हनून. पोरासोरांना बी ठावं हाय."

त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं, कारण लोर्नाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता. ती याल्मरकडं वळली.

"मग मी तुम्हाला जे म्हटलं... त्या गुरुवारी..."

"व्हय," याल्मर म्हणाला.

"मी हो म्हटलं होतं, याल्मर. मला वाटलं तुमच्याकडं हो असंच म्हणतात. तुमच्याकडूनच शिकले ना मी. आठ दिवस सामान बांधून बसले होते."

क्लिफर्डनं टोपी काढली. शेगडी पेटवलेली नव्हती, तरी तो तिच्यापाशी जाऊन हात शेकायला लागला.

"कॉफीला तीनदा विचारता तुम्ही लोक," लोर्ना म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तीनदा. नको म्हटलं तरी. आणि हे एकदाच विचारलंत?"

"नको म्हनलं की पुन्ना इचारत्यात," याल्मर म्हणाला. "'मनावर घेतलं तर' म्हनल्याव न्हाई इचारत."

बाहेर बीटचे ट्रक जात होते, एकामागं एक. ती ब्लॉकवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "आईला सोडून येता येणार नाही मला. आणि नॉर्डबीचं नाव काढलं की ती अजून भिंतीकडं तोंड करते." मग मान वर करून, "आता याचं काही होईल का?"

ती इंजिनाचं विचारत होती का दुसऱ्या कशाचं, मला कळलं नाही. याल्मरला कळलं असावं, किंवा त्यानं दोन्हींना एकच उत्तर दिलं. त्यानं टोपी सरकवली नाही, नाक ओढलं नाही.

"न्हाई," तो म्हणाला.

आम्ही दोघं दचकलो.

लोर्नानं मान हलवली. "हे तेव्हाच म्हणायचं होतंत."

"व्हय. म्हनायचं व्हतं."

गाडी तिनं भंगारात द्यायला सांगितली. कातड्याची पट्टी तेवढी रुमालात बांधून घेतली. निघताना ती आमच्याकडं टेकली, तेव्हा आर्डिसनं तिला कॉफी विचारली. ती म्हणाली, नको. आर्डिसनं पुन्हा विचारलं, ती म्हणाली, कशाला त्रास. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिनं 'बरं, अर्धा कप' म्हणून भरलेला कप घेतला, आणि आर्डिस किटली घेऊन तशीच आत निघून गेली.

तो क्रँक आता चर्चच्या मागं खांबाला टांगलाय. नोव्हेंबरात मासळीचं जेवण असतं तेव्हा त्यावर टोला देऊन लोकांना बोलावतात. याल्मर शेवटच्या रांगेत बसून जेवतो. त्याला कुणी सूर विचारला तर सांगतो, काळी तीन. बाकी काही सांगत नाही.

वर्कशॉप चालू आहे, पण गिऱ्हाईक निम्म्यावर आलंय. गेल्या महिन्यात क्लिफर्ड त्याच्या कापणीयंत्राचा मोडका क्रँक घेऊन गेला आणि म्हणाला, "वाचंल का रं ह्यो?" याल्मरनं बघितलं आणि म्हणाला, "न्हाई." नुसतं एवढंच. क्लिफर्ड क्रँक उचलून तडक घरी गेला. माणूस म्हातारपणी उद्धट झालाय, असं तो सगळ्या गावाला सांगत फिरतो, आणि गावालाही ते पटतं.